मागच्या सीटवरचा माणूस

नवी गाडी घ्यायची म्हटलं, की आमच्या बाबांच्या पिढीचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा : 'ॲव्हरेज किती देते?' आमच्या पिढीचा पहिला प्रश्न बदललाय. 'किती स्टार?' २०२३च्या दसऱ्याला मी गाडी घेतली. त्याआधी तीन महिने रोज रात्री झोपताना मोबाईलवर क्रॅश टेस्टचे व्हिडिओ बघत होते. गाडी सरळ येते, ठोकळ्यावर आदळते, काचांचा चुरा हवेत उडतो, एअरबॅगा फुगतात आणि आतले डमी शांतपणे मान खाली घालतात. मग पडद्यावर तारे उमटतात. मला त्यात एक विचित्र समाधान मिळायचं.

मी चक्क एक्सेल शीट केली होती. सहा एअरबॅग, एबीएस, घसरत्या गाडीला सावरणारं ईएससी, मुलांच्या सीटसाठी आयसोफिक्स. सनरूफ नसलं तरी चालेल, हप्ता दोन हजारांनी वाढला तरी चालेल, पण पाच स्टारच. शोरूममध्ये गाडीवरचं लाल कापड ओढलं, नारळ फोडला, चारही चाकांखाली लिंबं ठेवली. आईला पुढच्या सीटवर बसवून मी म्हटलं, "आता तू सगळ्यात सुरक्षित जागी बसलीयस."

चार महिन्यांनी त्याच सीटवर बसलेल्या आईच्या दोन बरगड्यांना तडे गेले.

गाडीने काहीच चुकीचं केलं नव्हतं. तिने जे कबूल केलं होतं, ते सगळं तिने केलं. चूक आत बसलेल्या माणसांची होती आणि त्यातला मोठा वाटा माझा होता. त्या चुकीचा विचार करता करता मला 'आजच्या गाडीत सुरक्षिततेसाठी सगळ्यात महत्त्वाचं काय?' या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर सापडलं. ते उत्तर एक्सेल शीटच्या कुठल्याच रकान्यात बसणारं नव्हतं.

*

माझे मामा एसटीत ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं. लहानपणी मे महिन्यात आजोळी जाताना मी त्यांच्याच गाडीतून जायचे, केबिनमध्ये, त्यांच्या शेजारी. घाटात समोरून ट्रक आला की माझे डोळे मिटायचे आणि मामा हसायचे. विनाअपघात सेवेसाठी त्यांचा सत्कार झाला होता. तो फोटो अजून त्यांच्या घरात देवघराच्या शेजारी आहे.

माझ्या नव्या गाडीभोवती त्यांनी एक फेरी मारली, बॉनेटवर बोटांनी टकटक केलं आणि म्हणाले, "चांगलीय. पण एक ध्यानात ठेव बाळा. गाडी सुरक्षित नसती, डायवर सुरक्षित असतो."

मला तेव्हा ते जुन्या माणसाचं बोलणं वाटलं. मनात म्हटलं, मामांना क्रंपल झोन म्हणजे काय ते कुठे माहीत आहे.

फेब्रुवारी २०२४मध्ये नात्यातल्या एका साखरपुड्याला आम्ही गेलो. मी चालवत होते, आई शेजारी, मामा आईच्या मागे. कराडच्या पुढे हायवे सोडून आत जायचं होतं. माझ्या गाडीला मागच्या सीटसाठीसुद्धा बेल्टची सूचना आहे. मागे माणूस बसला आणि बेल्ट लावला नाही, की बीप वाजायला लागते.

"मामा, बेल्ट लावता का?"

"मागं कुणी बेल्ट लावतं व्हय?"

"वाजत राहील ते."

"वाजू दे. तुझ्यावर भरवसा हाय माझा."

आई म्हणाली, "राहू दे गं. दादाला अवघडतं."

बीप मिनिटभर वाजली आणि थांबली. वाटेत चहाला उतरलो, परत बसलो, परत बीप. मामांच्या चेहऱ्यावर त्रासिक भाव दिसला. मी हात लांब करून समोरचा कप्पा उघडला, त्यातून एक लहानशी धातूची क्लिप काढली आणि मागे वळून मामांच्या शेजारच्या बकलमध्ये खोचली. टिक. बीप बंद.

ती क्लिप कुठून आली तेही सांगायला हवं. गाडी घेतल्यावर सीट कव्हर बसवायला एका ॲक्सेसरीजच्या दुकानात गेले होते. दुकानदाराने आधी विचारलं, "पुढे बुल गार्ड लावू का? गाडीला धक्का लागत नाही." मी नको म्हटलं. निघताना त्याने दोन क्लिपा हातावर ठेवल्या. "या आपल्याकडून फ्री. बीपची कटकट नको." या क्लिपा म्हणजे बेल्टच्या टोकासारखी दिसणारी नुसती पट्टी. बकलमध्ये घातली, की गाडीला वाटतं बेल्ट लागला. मे २०२३मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-कॉमर्स कंपन्यांना अशा क्लिपा विकायला बंदी केली आणि १३,११८ लिस्टिंग उतरवण्यात आल्या. ती बातमी मी वाचली होती. हसलेही होते : लोक किती मूर्ख असतात, दोनशे रुपये देऊन स्वतःच्याच गाडीला खोटं सांगतात. मग मला ती फुकटात मिळाली आणि मी ती फेकून दिली नाही.

परतताना अंधार पडला होता. गाळपाचा हंगाम चालू होता. ज्यांना आमचा भाग माहीत आहे, त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. ट्रॅक्टरच्या मागे दोन ट्रॉल्या, उसाच्या मोळ्या दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. समोरून एका गाडीचा अप्पर डोळ्यांत आला. तो गेल्यावर मला एकदम उसाची भिंत दिसली. ब्रेक दाबला, गाडी डावीकडे घेतली, ट्रॉली चुकली आणि आम्ही मोरीच्या कठड्यावर आदळलो. तोपर्यंत वेग चाळीसपर्यंत उतरला असावा.

एअरबॅगा फुटल्या. पांढरी धूळ, जळकट वास. बेल्टने मला आणि आईला सीटला धरून ठेवलं होतं. आणि त्याच क्षणी मागून एक आवाज आला, भरलेलं पोतं कुणीतरी जोरात टाकावं तसा. मामा आईच्या सीटवर येऊन आदळले होते.

मामांच्या कपाळाला सात टाके पडले, गुडघा सुजला. आईच्या बरगड्या गेल्या. तिने बेल्ट लावला होता, तिची एअरबॅग वेळेवर उघडली होती, ती पाच स्टारच्या गाडीत बसली होती. तिला लागलं ते तिच्या सख्ख्या भावाच्या वजनाने.

*

नंतर मी हिशोब केला. ताशी चाळीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. माणूस सहा मीटरवरून, म्हणजे साधारण दुसऱ्या मजल्यावरून पडला, की जमिनीवर पोचताना त्याचा वेग एवढा असतो. ताशी शंभरला हाच मजला तेरावा होतो. आपण हायवेवर गाणी ऐकत, चिप्स खात तेराव्या मजल्याच्या कठड्यावर बसलेले असतो. वेग दिसत नाही, म्हणून उंचीची भीती वाटत नाही.

गाडी थांबली तरी आतला माणूस थांबत नाही. त्याला काहीतरी थांबवावं लागतं. बेल्ट नसेल तर समोर जे असेल ते थांबवतं : डॅशबोर्ड, काच किंवा पुढचा माणूस. मामांचं वजन पंचाहत्तर किलो. अकरा मीटरचा वेग सेकंदाच्या दहाव्या भागात शून्यावर आणायचा, तर जवळपास साडेआठ क्विंटलचा जोर लागतो. पोत्यांच्या भाषेत मामांना ते लगेच कळलं असतं. मी कधी सांगितलं नव्हतं.

एअरबॅगबद्दलही माझा गैरसमज होता. स्टिअरिंगवर 'एसआरएस' अशी अक्षरं असतात, ती मी कधी फोडून बघितली नव्हती. त्यातल्या पहिल्या शब्दाचा अर्थ 'पूरक'. म्हणजे एअरबॅग स्वतःच सांगते, की मी मदतनीस आहे, मुख्य काम बेल्टचं. ती डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते आणि लगेच रिकामी होऊ लागते. बेल्टने धरलेलं शरीर ठरावीक वेळी ठरावीक जागी येईल, या हिशोबाने तिची रचना असते. बेल्ट न लावता तिच्यावर जाऊन आदळणाऱ्याला तीच इजा करू शकते.

ताऱ्यांचंही तसंच. माझ्या गाडीला तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या समोरून टक्कर घेण्याच्या चाचणीत गाडीच्या रुंदीचा ४० टक्के भाग ताशी ६४ किलोमीटरने अडथळ्यावर आदळवतात. ही चाचणी फार मोलाची आहे. २०१४ साली याच संस्थेने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या तपासल्या आणि पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. त्या लाजेतून पुढे बरंच घडलं. कायद्याने एअरबॅगा आल्या, एबीएस आलं, २०२३मध्ये आपली स्वतःची भारत एनकॅप सुरू झाली. पण त्या चाचणीत डमीला बेल्ट लावलेला असतो. 'राहू दे, अवघडतं' असं डमी म्हणत नाही. डमी कुणाचा मामा नसतो. तारे हे सशर्त वचन आहे आणि त्यातली अट कुणी मोठ्याने वाचून दाखवत नाही.

त्या अटीचा इतिहास मात्र सुंदर आहे. आज आपण लावतो तो खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा बेल्ट निल्स बोलिन नावाच्या स्वीडिश इंजिनिअरने १९५९मध्ये व्होल्वोसाठी बनवला. त्याआधी तो विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या सीटवर काम करायचा. माणसाला बाहेर फेकण्याचा अभ्यास केलेल्या माणसाने माणसाला आत धरून ठेवायची युक्ती काढली. एका हाताने, न बघता लावता येईल एवढी ती सोपी ठेवली. आणि कंपनीने ते पेटंट बाकी सगळ्या कंपन्यांसाठी खुलं केलं. मला हे महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्याच्या गाडीत बसलेला माणूसही वाचला पाहिजे, हा विचार या पट्ट्याच्या जन्मातच आहे. आपण मात्र त्याला खाजगी आवडीनिवडीची गोष्ट करून टाकलं.

*

'माझा जीव, माझी मर्जी.' हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. ते टाकाऊ नाही. त्यामागे एक मोठी परंपरा आहे. जॉन स्टुअर्ट मिलचं 'ऑन लिबर्टी' १८५९चं. आगरकरांच्या पिढीवर मिलचा मोठा प्रभाव होता. मिलचं म्हणणं थोडक्यात असं : माणसाच्या स्वातंत्र्यात ढवळाढवळ करायची ती फक्त दुसऱ्याचं नुकसान टाळण्यासाठी. त्याच्या स्वतःच्या भल्यासाठी त्याच्यावर सक्ती करू नये.

मिलने एक उदाहरण दिलं आहे. एक माणूस पडायला झालेल्या पुलावर पाऊल टाकतोय. त्याला सावध करायला वेळ नाही. अशा वेळी त्याला धरून मागे ओढलं, तर त्याच्या स्वातंत्र्यावर घाला येत नाही, कारण नदीत पडायची त्याची इच्छाच नव्हती. पण धोका माहीत असेल आणि तरी जायचं असेल, तर त्याला सांगावं, अडवू नये.

मागची सीट मिलच्या या चौकटीत ठेवून बघा. मामांना धोका माहीत होता का? नाही. एकतीस वर्षं स्टिअरिंगमागे बसलेल्या माणसाला मागच्या सीटचा अनुभवच नव्हता. शिवाय धोका फक्त त्यांचा होता का? तेही नाही. जपानमधल्या एक लाखाहून अधिक अपघातांचा एक अभ्यास २००२मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला होता. पुढे बेल्ट लावून बसलेल्यांच्या मृत्यूचा धोका मागच्यांनी बेल्ट लावला नसेल तर जवळपास पाचपट होतो, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे मागच्या सीटवर 'माझा जीव' एवढंच म्हणता येत नाही. 'पुढच्याचा जीव, माझी मर्जी' असं ते पूर्ण वाक्य आहे.

४ सप्टेंबर २०२२ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी महागडी आणि सुरक्षिततेसाठी नावाजलेली. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागचे दोघे, ज्यांनी बेल्ट लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं, ते गेले. त्यानंतर काही आठवडे सगळा देश मागच्या सीटबद्दल बोलत होता. मुंबईत मागच्यांनाही बेल्टची सक्ती सुरू झाली. मग आपण विसरलो. मी तर त्या बातमीचे लेख शेअर केले होते. आणि तरी सतरा महिन्यांनी मीच ती क्लिप खोचली.

का खोचली? याचा मी खूप विचार केला. अज्ञान नव्हतं. आळस नव्हता. मी आदर म्हणून खोचली.

आपल्याकडे वयाने मोठ्या माणसाला 'हे करा' म्हणणं अवघड असतं. त्यातून तो माणूस ज्या विषयात मुरलेला आहे त्याच विषयात, आणि सांगणारी भाची. 'तुझ्यावर भरवसा हाय' या वाक्याने तर माझं तोंडच बंद झालं. बेल्ट लावणं म्हणजे ड्रायव्हरवर अविश्वास दाखवणं, असा त्याचा छुपा अर्थ होता आणि मला तो सुखावणारा वाटला. एकतीस वर्षांचा ड्रायव्हर माझ्या हातावर विश्वास टाकतोय! त्या कौतुकाच्या बदल्यात मी त्यांची सुरक्षितता देऊन टाकली.

दुसरा अडथळा अपशकुनाचा. निघताना अपघाताचं नाव काढू नये. पण शोरूममध्ये चाकाखाली लिंबू ठेवतो, तेव्हा धोका आहे हे आपण मान्यच केलेलं असतं ना? मग लिंबू चालतं आणि बेल्ट का चालत नाही? मला वाटतं, लिंबू कुणावर जबाबदारी टाकत नाही. बेल्टचं बोलायचं, तर कुणीतरी कुणाला तरी काहीतरी सांगावं लागतं आणि तिथेच आपण अडखळतो.

कायदा मात्र इथे अडखळत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९४-ब आलं. त्यात स्वतः बेल्ट न लावता गाडी चालवणाऱ्याला जसा हजार रुपये दंड आहे, तसाच बेल्ट न लावलेले प्रवासी घेऊन जाणाऱ्यालाही आहे. म्हणजे कायद्याच्या नजरेत मामांचा बेल्ट हा माझा विषय होता. नैतिकदृष्ट्याही तसाच आहे, असं मला आता वाटतं. स्टिअरिंग ज्याच्या हातात, त्याच्याकडे त्या गाडीतल्या प्रत्येकाचा जीव काही तासांसाठी ठेव म्हणून दिलेला असतो. ठेव ठेवणारा म्हणाला, 'राहू दे, कुलूप नको,' म्हणून आपण तिजोरी उघडी ठेवत नाही.

*

मग मामांचं ते पहिलं वाक्य, 'डायवर सुरक्षित असतो,' चुकीचं होतं का? इथे मला सावकाश जायला हवं. कारण ते अर्धं खरं होतं आणि त्या अर्ध्या खऱ्याकडे मी दुर्लक्ष केलं होतं.

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातल्या सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यूंच्या नोंदीत कारण लिहिलंय अतिवेग. वेग ८०वरून १००वर नेला, की आपल्याला वाटतं पाव भागच वाढला. पण टक्करीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, ती दीडपटीहून जास्त होते. हा वेग कुठलीही एअरबॅग कमी करत नाही. तो पाय कमी करतो.

उलट गाडी जितकी सुरक्षित, तितका पाय धीट होतो, असंही एक मत आहे. शिकागोचे अर्थतज्ज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५मध्ये मांडलं, की सुरक्षिततेची साधनं आली की लोक जास्त धोका पत्करून चालवतात आणि त्याची किंमत पायी चालणारे मोजतात. हा परिणाम त्यांनी सांगितला तेवढा मोठा नसतो, असं नंतरच्या अनेक अभ्यासकांचं म्हणणं आहे. बेल्टने जीव वाचतात हे निर्विवाद आहे. पण त्या रात्रीपुरतं मी स्वतःला विचारलं : अंधारात, उसाच्या हंगामात, अरुंद रस्त्यावर माझ्या जुन्या गाडीतून मी एवढ्याच वेगाने गेले असते का? प्रामाणिक उत्तर 'नाही' असं आहे. पाच तारे माझ्या डोक्यात होते. समोरचा प्रकाश डोळ्यांत आल्यावर मामांनी आधी वेग कमी केला असता. मी नाही केला.

त्यामुळे आमच्या गाडीत त्या रात्री दोन अर्धी सत्यं एकमेकांच्या मागे-पुढे बसली होती. मला वाटत होतं गाडी वाचवेल. मामांना वाटत होतं ड्रायव्हर वाचवेल. दोघांनीही आपली जबाबदारी दुसऱ्या कुणावर तरी सोपवली होती.

*

आणखी एक वर्तुळ राहिलं. गाडीच्या बाहेरचं.

ती एक्सेल शीट मी अजून ठेवली आहे. तिच्यात वीस-बावीस रकाने आहेत. सगळे आतल्या माणसांचे. 'समोर पायी चालणारा आला तर त्याचं काय होईल' असा एकही रकाना नाही. पादचाऱ्यांच्या सुरक्षेचंही मोजमाप होतं, हे मला माहीतच नव्हतं, कारण मी ते कधी शोधलं नाही. २०२२च्या त्याच आकडेवारीत मेलेल्यांपैकी ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरचे होते आणि जवळपास २० टक्के पायी चालणारे. आपल्या देशात रस्त्यावर मरणारा माणूस बहुतेक वेळा गाडीच्या आत नसतोच. ताऱ्यांबद्दल आपण जी चर्चा करतो, ती रस्त्यावरच्या थोड्या आणि त्यातल्या त्यात बऱ्या परिस्थितीतल्या माणसांची चर्चा असते.

दुकानदाराने विचारलेला बुल गार्ड आठवा. लोखंडी नळ्यांचा तो सांगाडा पुढे लावला, की माझ्या बंपरला ओरखडा येत नाही, पण समोरच्या माणसाच्या मांडीचं हाड लवचीक प्लॅस्टिकऐवजी लोखंडावर आदळतं. शिवाय एअरबॅगच्या सेन्सरचं गणितही त्याने बिघडू शकतं. डिसेंबर २०१७मध्ये केंद्राने या गार्डवर बंदी आणली, तरी तो सहज मिळतो. मी तो नाकारला, पण अभिमानाने सांगण्यासारखं त्यात काही नाही. मला तो दिसायला आवडला नाही, एवढंच कारण होतं.

२०१६मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात तीन संशोधकांचा एक अभ्यास आला होता. आपोआप चालणाऱ्या गाडीने अटीतटीच्या वेळी काय करावं? बहुतेकांनी उत्तर दिलं, की जास्तीत जास्त माणसं वाचवावीत, त्यासाठी आतल्या माणसाचा जीव गेला तरी. मग विचारलं, अशी गाडी तुम्ही घ्याल का? तेव्हा लोकांना स्वतःसाठी आपल्यालाच वाचवणारी गाडी हवी होती. मला या लोकांचा राग येत नाही. माझी शीट तेच सांगत होती. पण खरेदी करताना माणूस एवढाच विचार करणार असेल, तर बाहेरच्या माणसाची काळजी बाजारावर सोडून चालणार नाही, हे त्यातून कळतं. तिच्यासाठी नियम लागतात, उजेड लागतो, रस्ते लागतात. आणि ट्रॉलीच्या मागे पन्नास-शंभर रुपयांची लाल रिफ्लेक्टर पट्टी लागते.

त्या ट्रॅक्टरवाल्याला मी खूप दिवस मनातून शिव्या दिल्या. नंतर लक्षात आलं, की मी थोडी उजवीकडे राहिले असते, तर त्याच्या ट्रॉलीत घुसले असते किंवा समोरून येणाऱ्या कुणाच्या तरी मोटरसायकलवर गेले असते. त्या मोटरसायकलवाल्याला पाच तारे, सहा एअरबॅगा यातलं काहीच नव्हतं. त्याच्यासाठी फक्त माझा वेग होता.

*

तर सगळ्यात महत्त्वाचं काय? मी आता असं म्हणेन : गाडीत बसलेल्या आणि गाडीसमोर येणाऱ्या प्रत्येक जिवाशी आपला संबंध आहे, हे मान्य करणं आणि त्यानुसार अवघड वाटलं तरी बोलणं, वागणं. हे मान्य केलं, की बाकी सगळी यंत्रं कामाला येतात. नाही केलं, तर एका क्लिपने सगळी निकामी होतात. तारे बघून गाडी घ्याच. मी पुन्हा घेतली तरी बघूनच घेईन. पण ते तारे जागे ठेवायचं काम गाडीचं नाही.

आईच्या बरगड्या दीड-दोन महिन्यांत जुळल्या. ती त्या विषयावर फार बोलली नाही. मामा मात्र कितीतरी दिवस आमच्याकडे आले नाहीत. फोनवर प्रत्येक वेळी पहिला प्रश्न, "अक्काचं दुखतंय का अजून?" आणि मग लांब गप्पपणा. मी त्यांना क्लिपचं बोलले तेव्हा ते म्हणाले, "तू कशाला वाईट वाटून घेतीस? लावायचा मला होता." मी म्हटलं, "मामा, ती पट्टी मी खोचली." त्यावर दोघांनाही पुढे काही सुचलं नाही.

आठ महिन्यांनी, दिवाळीत, मी त्यांना घ्यायला गेले. मामा मागे बसले. मी काही म्हणायच्या आत त्यांनी खांद्यावरून पट्टा ओढला आणि टोक हातात धरून तसेच थांबले. सीटवर इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं. मग हळू आवाजात विचारलं, "हे कुठं अडकवायचं गं?"

एकतीस वर्षं मोठी गाडी चालवलेल्या माणसाला मागचं बकल कुठे असतं ते माहीत नव्हतं. त्या दिवशी 'मागं कुणी लावतं व्हय' असं ते म्हणाले, त्यात किती भाग न लावायचा होता आणि किती भाग भाचीसमोर विचारायच्या संकोचाचा, ते मला आता कधीच कळणार नाही. मी मात्र आदर म्हणून त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं.

मी खाली उतरले, मागचं दार उघडलं आणि पट्टा लावून दिला. केबिनमध्ये बसवताना मामा मला म्हणायचे तेच वाक्य तोंडात आलं, "बसलात ना नीट?"

"बसलो. चल आता. आणि सावकाश."

मी सावकाश निघाले.